डूलिटलला हशा मिळतो, उपहास मात्र हरवतो

प्रश्न – तिसरी घंटा
बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातला आल्फ्रेड डूलिटल, म्हणजे एलायझाचा कचरा उचलणारा बाप, झिंगलेला आणि लोचट दाखवला की हशा भरपूर मिळतो. पण मध्यमवर्गाच्या दानधर्मावर शॉ जे बोलतो ते पोचत नाही. दुसऱ्या अंकातला प्रवेश कसा बांधावा? तो स्वतःला 'अनडिझर्व्हिंग पुअर' म्हणवतो, त्याला मराठीत काय म्हणावं?

विंगेतून
आधी झिंग काढून टाका. रंगसूचनेत ती कुठेच नाही. भीती आणि सदसद्विवेक दोन्हींपासून सारखाच मोकळा, असं त्याचं वर्णन आहे. तो येतो तोच दुखावलेल्या अब्रूचा आव आणून. "माझी मुलगी द्या" म्हणतो, आणि एलायझाला बोली शिकवायला घरी ठेवून घेतलेला प्राध्यापक हिगिन्स लगेच "घेऊन जा" म्हणतो. इथे पूर्ण थांबा हवा. पैसे उकळण्याचा डाव फसलाय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं पाहिजे. बहुतेक प्रयोगांत हा थांबा गिळला जातो, आणि मग पुढचं सगळं नुसती बडबड वाटते.

त्यानंतरचं भाषण युक्तिवाद म्हणूनच बोलायचं, वकिलासारखं, शांतपणे. एकाच नवऱ्याच्या मरणावर एका आठवड्यात सहा संस्थांकडून पैसे घेणारी लायक विधवा आणि मी, दोघांच्या गरजा सारख्याच, हा त्याचा मुद्दा. नटाने स्वतःच डोळे मिचकावले तर प्रेक्षक डूलिटलला हसतात. तो गंभीर राहिला तर हसू हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग यांच्यावर उलटतं. "तुला नीतिमत्ता नाही का?" याला त्याचं उत्तर "परवडत नाही" असं आहे. ते हिशेब सांगावा इतक्या सपाट सुरात.

जुनी संहिता
'नालायक गरीब' नको, त्यात शिवी आहे. 'मदतीला अपात्र गरीब' म्हणा, कारण मूळ शब्दाला दानसंस्थांच्या कारभाराचा वास आहे. लंडनची चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी १८६९ची. चौकशी करून पात्र-अपात्र ठरवणं हे तिचं मुख्य काम. १९०८च्या ब्रिटिश वृद्धापकाळ पेन्शन कायद्यातही सवयीने काम टाळणाऱ्यांना वगळलं होतं. लंडनचा पहिला प्रयोग १९१४चा, म्हणजे प्रेक्षकांना ही भाषा रोजची होती.

मुलीच्या बदल्यात तो हिगिन्सकडे ५ पौंड मागतो, त्यांचं वजनही कळू द्या. सत्तरी ओलांडलेल्याला त्या कायद्याने आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग (पौंडाचे २० शिलिंग) मिळत, म्हणजे ही २० आठवड्यांची पेन्शन झाली. आणि हा म्हणतो, सोमवारपर्यंत पैसा शिल्लक राहणार नाही. हिगिन्स १० देऊ करतो तेव्हा तो नकार देतो, कारण १० पौंड माणसाला जपून वागायला लावतात. अख्ख्या प्रवेशाची कळ इथे आहे. ही ओळ घाईत गेली की पाचवा अंक पांगळा होतो.

तिसरी घंटा
पाचव्या अंकात तो श्रीमंत होऊन येतो, तेव्हा चाल-बोली बदलावी का?

विंगेतून
पोशाख बदलतो: नवा फ्रॉक-कोट, रेशमी हॅट, चकचकीत बूट. बोली तीच ठेवा. एका अमेरिकी कोट्यधीशाच्या मृत्युपत्रातून वर्षाला ३००० पौंड आणि त्याच्या अटीनुसार वर्षातून सहा वेळापर्यंत नीतीवर व्याख्यान, हे त्याच्यावर कोसळलेलं संकट आहे. पन्नास नातेवाईक उगवलेत, लग्न करावं लागतंय. नट इथे खूश दिसला की गेलंच. मात्र 'पैसे सोडून दे' म्हटल्यावर म्हातारपणी वर्कहाऊसची (निराधारांना ठेवून काम करून घेणाऱ्या आश्रमाची) भीती तो बोलून दाखवतो, ती खरी हवी. आतापर्यंत न घाबरलेला माणूस पहिल्यांदा घाबरलाय. आवाज तिथे खाली आणा.