शनिवारी घाणा बंद: घरशाळेतील अनपेक्षित धडा

प्रश्न: आमची ९ आणि १२ वर्षांची मुले घरीच शिकतात. अलिबागच्या इस्रायल आळीत रस्ता चुकलो, तेव्हा सिनेगॉगजवळच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाजवळच्या) एका आजींनी अस्खलित मराठीत बोलत आम्हाला घरी नेले. तेव्हापासून मुलांचे प्रश्न संपत नाहीत. पुढे काय शिकवावे?

उत्तर १: आडनावांपासून सुरुवात करावी. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही बेने इस्रायली (कोकणातील मराठी भाषक ज्यू समाजाची) आडनावे गावांवरून आल्यामुळे रायगडच्या नकाशावरच इतिहास उलगडतो. तेल गाळणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवत असे, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

उत्तर २: पोहे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचा मलिदाही त्या आजींकडून शिकावा. मात्र आजी म्हणजे अभ्यासाचे साधन नव्हे. आधी विचारून, शब्बाथ (ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) टाळून जावे.

प्रश्नकर्ती: शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच सुरू होतो, यावरून धाकटी आज ‘दिवस नेमका कधी बदलतो?’ असे विचारत बसली आहे.