इस्तंबूलला ११ तासांचा लेओव्हर, जुनं शहर बघून होईल का?

पुणेरी_पाय: मुंबई-इस्तंबूल-शिकागो तिकीट आहे, सकाळी ७ ला उतरतोय, पुढची फ्लाईट संध्याकाळी ६ ला. आईबाबा सोबत, तिघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे. सुलतानअहमद, म्हणजे जुन्या शहराचा मुख्य भाग, होईल का, की उगाच धावपळ?

झणझणीत: बिनधास्त जा. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो, फक्त तो घरूनच काढून ठेवा. एअरपोर्टवरून एम११ मेट्रोने गायरेत्तेपे, तिथून एम२ ने वेझनेजिलर आणि मग ट्राम, पण गायरेत्तेपेला मेट्रो बदलताना बरंच चालावं लागतं त्यामुळे आईबाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर सरळ टॅक्सी करा.

भटकभवानी: आया सोफिया (आधीचं चर्च, आता मशीद), निळी मशीद, बॅसिलिका सिस्टर्न सगळं चालत जाण्याएवढं जवळ आहे. मला विचाराल तर सिस्टर्न चुकवू नका, सहाव्या शतकातली जमिनीखालची पाण्याची टाकी, ३३६ खांब आणि त्यातल्या दोन खांबांखाली मेदुसाची (ग्रीक पुराणातली, केसांच्या जागी साप असलेली) डोकी, एक उलटं, एक आडवं!! आया सोफियात आता टुरिस्टांना तिकीट काढून फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, निळी मशीद मात्र फुकट. आईंना ओढणी घ्यायला सांगा.

झणझणीत: वार कुठला? शुक्रवारी दुपारच्या नमाजाला मशिदीत टुरिस्टांना सोडत नाहीत, रविवारी ग्रँड बझार बंद.

पुणेरी_पाय: मंगळवार.

भटकभवानी: मग तोपकापी राजवाडा बंद. बरंच झालं, तो घाईत बघण्यासारखा नाहीच. दुपारी २ ला परत निघा, ट्रॅफिक भयंकर असतं.