मदत हवी आहे: माला-एन चालू असताना टीबीची औषधं सुरू झालीत

बोरमाळ
नमस्कार. प्रश्न धाकट्या जावेसाठी आहे. ती माला-एन ही गर्भनिरोधक गोळी घेते, आशाताई पाकीट घरी आणून देतात. अलीकडेच तिला फुप्फुसाचा टीबी निघाला, सरकारी दवाखान्यातून औषधं सुरू झाली. आता माला-एनच्या पांढऱ्या गोळ्या चालू असतानाच मधेमधे डाग लागतायत. गोळी एकही चुकलेली नाही, रात्री जेवण झालं की ठरलेली. दवाखान्यात तिने माला-एनचं काही सांगितलं नाही, शेजारी सासूबाई बसलेल्या! सासूबाई म्हणतात औषधांची उष्णता. मला वेगळीच धास्ती आहे. गोळी लागू पडत नसेल तर?

चिमणचारा
तुमची धास्ती रास्त आहे. (मी नर्स आहे.) टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं, लघवी नारिंगी होते ती त्यानेच. त्यामुळे यकृत गोळीतली दोन्ही हार्मोन्स भराभर मोडून टाकतं. पांढऱ्या गोळीत असतं किती? लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ, एथिनिल एस्ट्रॅडिऑल ०.०३ मिग्रॅ. तेवढं रक्तात टिकलं तरच बीजांड बाहेर पडायचं थांबतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी स्राव घट्ट राहतो. पातळी घसरली की गोळी वेळेवर घेऊनही दिवस जाऊ शकतात. आधी लघवीची तपासणी करून घ्या आणि आजपासून निरोध वापरा. स्वतःच्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊ नका. टीबीची औषधं मात्र एक दिवसही बंद नकोत.

तांबी किंवा दर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, यांवर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही. कोर्स संपल्यावरही चार आठवडे निव्वळ गोळीवर विसंबू नये.

बोरमाळ
बापरे. आणि शेवटच्या तपकिरी गोळ्या?

चिमणचारा
त्या ७ लोहाच्या. गर्भ राहू नये म्हणून असतात त्या २१ पांढऱ्याच. तपकिरी खाल्ल्या नाहीत तरी चालतं, फक्त पुढचं पाकीट लांबता कामा नये.

काजवा
फिटच्या काही गोळ्यांचंही असंच आहे, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन वगैरे. साध्या अँटिबायोटिकने असं होत नाही, उगाच घाबरू नका. पण जावेचं बीपी वाढलेलं असेल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल तर ही गोळी मुळात तिच्यासाठी नाही, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पोटरी सुजून दुखली किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

बोरमाळ
बीपी ठीक आहे. उद्या मीच जाते तिच्याबरोबर, सासूबाईंना घरी ठेवून.