शपिरोंना डावलून वॉल्झ: पेनसिल्व्हेनिया तिथेच हातची गेली का?

डेलावेअरकाठी

२०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, ५ नोव्हेंबरला, पेनसिल्व्हेनियातली आमची बक्स काउंटी (म्हणजे आमचा जिल्हा) ट्रम्प यांच्याकडे गेली. अगदी थोडक्यात गेली, पण १९८८ नंतर इथे रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला पहिल्यांदाच आघाडी मिळाली. ऑक्टोबरचे चारही शनिवार मी डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांच्यासाठी इथे दारोदार फिरलो होतो, त्यामुळे हा निकाल मला फार लागला. आठवडा झाला, मनातून जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ही निवडणूक ६ ऑगस्टला हातातून निसटली. त्या दिवशी कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदासाठी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ निवडले आणि पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो बाजूला राहिले. घोषणेनंतरची पहिली सभा कुठे? फिलाडेल्फियात! शपिरो त्याच व्यासपीठावर होते. भाषण त्यांनी जीव ओतून केलं. मी गर्दीत उभा होतो आणि टाळ्या वाजवताना पोटात कालवत होतं.

शपिरो इथे काय आहेत ते बाहेरच्यांना कळत नाही. २०२२ मध्ये ते जवळपास १५ टक्क्यांच्या फरकानं गव्हर्नर झाले. २०२३ च्या जूनमध्ये टँकरला आग लागून फिलाडेल्फियातला आय-९५ महामार्गाचा पूल कोसळला, तेव्हा रोज त्या रस्त्यानं कामाला जाणारे आम्ही सगळे काही महिन्यांच्या हालांची तयारी करून बसलो होतो. बाराव्या दिवशी वाहतूक सुरू झाली. आमच्या गल्लीतला ट्रम्पचा पक्का मतदारसुद्धा त्या पुलाचं नाव काढलं की शपिरोंना मानतो. अशा माणसाला घरी बसवून १९ इलेक्टोरल मतांचं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यागणिक वाटलेली मतं) राज्य आपण १ लाख २० हजार मतांनी घालवलं. १९६० मध्ये केनेडींनी टेक्ससच्या जॉन्सन यांना बरोबर घेतलं, दोघांचं फारसं पटत नसताना घेतलं, आणि टेक्सस मिळवलं. पटतं कुणाशी हे पाहून सोबती निवडायचा नसतो, मतं कोण आणतो हे पाहून निवडायचा असतो.

ओहायोवासी

मी ट्रम्प आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स या जोडीला मत दिलं, हे आधीच सांगतो.

तुमचं दुःख समजतं, पण खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. २०२२ च्या जूनमध्ये महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला होता. दर नंतर खाली आला, वाढलेल्या किमती खाली आल्या नाहीत. माझ्या हाताखालची मुलं दर आठवड्याला किराणा भरताना काय बोलतात ते मी ऐकतो. आणि तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांच्यापेक्षा वेगळं काय केलं असतं असं ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर विचारल्यावर हॅरिस यांना एकही गोष्ट आठवली नाही. शेजारी शपिरो असते तरी त्या उत्तरात काय फरक पडणार होता?

उपाध्यक्षांचंच बोलायचं तर १ ऑक्टोबरची वादसभा पुन्हा पाहा. व्हान्स शांत, मुद्देसूद, समोरच्याचा मान राखून बोलले. वॉल्झ सुरुवातीपासून अडखळत होते. चीनमधल्या १९८९ च्या तिआनमेन आंदोलनाच्या काळात आपण हाँगकाँगमध्ये होतो हे त्यांचं जुनं विधान खरं नव्हतं आणि त्यावर त्यांना धड उत्तरही देता आलं नाही. व्हान्स यांच्यासारखा, ओहायोतल्या मिडलटाउनमध्ये आजीनं वाढवलेला, मरीन सैन्यदलात राहून आलेला मुलगा चाळिशीत इथवर पोचतो, याचं आमच्या भागातल्या लोकांना खरंच अप्रूप आहे.

दहा हजार तळी

ओहायोवासी, व्हान्स छान बोलले हे मान्य. पण स्प्रिंगफील्ड तुमच्याच राज्यात आहे ना? हैतीहून आलेले लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात ही अफवा व्हान्स यांनी उचलून धरली, मग ट्रम्प यांनी १० सप्टेंबरच्या वादसभेत ती देशभर नेली. तुमचे रिपब्लिकन गव्हर्नर डिवाइन यांनीच असं काही घडलं नसल्याचं सांगितलं. तोवर बॉम्बच्या धमक्यांनी तिथल्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या होत्या. आपणही बाहेरून आलेलीच माणसं आहोत. उद्या आपल्या स्वयंपाकघराबद्दल कुणी असं उठवलं तर?

आणि मतं आणण्याबद्दल: २०२२ मध्ये ओहायोत एकाच दिवशी डिवाइन २५ टक्क्यांनी जिंकले, सिनेटसाठी व्हान्स ६ टक्क्यांनी. लोकप्रियता पाहून ही निवड झालेली नव्हती.

वॉल्झ आमचे गव्हर्नर आहेत. २०२३ पासून इथल्या शाळांत प्रत्येक मुलाला सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण मोफत मिळतं, उत्पन्नाचा दाखला न मागता. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी आधी जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसायची. आता ती सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसते. भूगोल शिकवणारा, फुटबॉलचा प्रशिक्षक, २४ वर्षं नॅशनल गार्डमध्ये काढलेला माणूस. चूक वॉल्झ यांना घेण्यात नव्हती, घेतल्यावर त्यांचं तोंड बांधण्यात होती. जुलैमध्ये हेच सरळ, घरगुती भाषेत बोलत होते तेव्हा सगळा देश ऐकत होता.

मोटारनगरी

गणित करू. हॅरिस यांना २२६ इलेक्टोरल मतं मिळाली. पेनसिल्व्हेनियाची १९ मिळवली तरी २४५. सत्तेला २७० लागतात. मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १०, दोन्ही मिळाली तरच बरोबर २७० होतात. म्हणजे शपिरोंमुळे तिन्ही राज्यं यायला हवी होती.

मिशिगनमध्ये काय झालं ते मी जवळून पाहिलं. डिअरबॉर्नमध्ये अरब कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि गाझामुळे तिथली माणसं अक्षरशः रडत होती. वॉल्झ असतानाही तिथे ट्रम्प पहिले आले. गाझासाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांविरुद्ध कडक बोललेले शपिरो असते तर तिथे आणखी मतं गेली असती. उमेदवाराच्या राज्याचंही एवढं मनावर घेऊ नका. २०१२ मध्ये रॉम्नी यांनी विस्कॉन्सिनचे रायन घेतले, विस्कॉन्सिन ओबामांना गेलं. २००४ मध्ये केरी यांनी नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स घेतले, तिथे बुश जिंकले.

एडिसनची सुलभा

व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचे आईवडील आंध्रातून आलेले, हॅरिस यांची आई चेन्नईची. आमच्या मंडळात दोन्ही बाजूंनी हेच सांगून मतं मागितली गेली. मला दोघींचा अभिमान आहे, पण एक विचारते. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात दर वर्षी एका देशाच्या लोकांना एकूण कार्डांपैकी ७ टक्क्यांची मर्यादा आहे. माझ्या नवऱ्याचा अर्ज २०१३ चा. मुलगा इथे आला तेव्हा दोन वर्षांचा होता, पुढच्या वर्षी २१ चा होईल आणि आमच्या अर्जातून बाहेर पडेल. चारही उमेदवारांपैकी कुणी याबद्दल ठोस वचन दिलेलं मी तरी ऐकलं नाही. आम्हाला मत नाही, म्हणूनच ना?

ओहायोवासी

सुलभाताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. मलाही १४ वर्षं लागली होती.

दहा हजार तळी, स्प्रिंगफील्डचं बोलणं मलाही आवडलं नाही आणि ते मी इथल्या पक्षाच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. तरी मत बदललं नाही. त्या बैठकीत बसलेल्या बहुतेकांना घरभाडं आणि कर्जाचा हप्ता हीच काळजी होती, आणि तुमच्या बाजूनं त्यांच्याशी कुणी बोलायलाच आलं नाही.

डेलावेअरकाठी

मोटारनगरी, २७० चं गणित मी खरंच मांडलं नव्हतं. एकटी पेनसिल्व्हेनिया पुरली नसती हे मान्य, निवडणूक तिथेच निसटली हे म्हणणं मागे घेतो. रायन आणि एडवर्ड्स यांची उदाहरणंही बरोबर आहेत.

पण बक्सबद्दलचं म्हणणं सोडत नाही. इथे एका निवृत्त प्लंबरनं दार उघडलं, माझ्या हातातलं पत्रक पाहिलं आणि शपिरो का नाहीत एवढंच विचारलं. मी वॉल्झ यांच्या शाळेतल्या जेवणाबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पाणी विचारलं, आणि आपण या वेळी घरीच राहणार म्हणाले. अशी दारं मी सहा-सात मोजली. २०२६ मध्ये शपिरो पुन्हा गव्हर्नरपदाला उभे राहिले, तर पहिल्या शनिवारी मी त्याच गल्लीत जाणार आहे.