मदत हवी आहे: काजूचा हंगाम येतोय, माकडतापापासून घरच्यांना कसं जपायचं?

आमचं गाव सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, जंगलाला अगदी लागून. आईबाबा साठीच्या पुढचे, पण काजूची बाग अजून तेच बघतात. मी नोकरीमुळे पुण्यात. गेल्या हंगामात आमच्या वाडीतल्या एका काकूंना माकडताप झाला. एकदम सडकून ताप, कपाळ ठणकतंय, अंग मोडून आलंय, डोळे लाल. खासगी दवाखान्यात साधा ताप म्हणून गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला पाठवेपर्यंत बराच उशीर झाला. त्या बऱ्या झाल्या, पण घरातली कामं हातात घ्यायला पावसाळा उजाडला.

त्या आजारी असताना वाडीत जे झालं त्याचं मला फार वाईट वाटलं. त्यांच्या अंगणात कोणी पाय ठेवेना, विहिरीवर त्यांच्या सुनेला थांबवून ठेवायचे. आणि तीच माणसं रोज सकाळी अनवाणी डोंगरात काजू गोळा करायला जात होती.

वाचून मला समजलं ते असं. हा आजार पहिल्यांदा 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा लक्षात आला. शेजारी गोव्यात सत्तरी तालुक्यात 2015 च्या सुमारास आणि आपल्या तालुक्यात 2016 मध्ये साथ आली. विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, पण पसरवते गोचीड. हे बरोबर आहे ना?

आता खऱ्या अडचणी. आई साडीत आणि अनवाणी काम करते. "पूर्ण कपडे घाला" असं पत्रकात लिहिलेलं असतं, पण साडी नेसणाऱ्या बाईने नेमकं काय करायचं? गोठ्यासाठी पातेरा (वाळलेला पालापाचोळा) गोळा करून आणतात, तो आणावा की नाही? आमचा कुत्रा बाबांबरोबर बागेत जातो आणि रात्री पडवीत झोपतो. आणि लस मिळते का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा.

निवृत्त_आरोग्यसेवक:

ताई, हंगामाआधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. आधी वाडीला हे सांगा की माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. काकूंच्या घरचं पाणी प्यायलं, त्यांच्या उशाशी बसलं, तरी काही होत नाही.

गोचिडीचं पिल्लू तिळाएवढं असतं, चावलेलं कळतसुद्धा नाही. पाऊस संपल्यावर ही पिल्लं वाढतात आणि साधारण डिसेंबर ते मे जंगलात पाचोळ्यावर, खुरट्या झुडपांवर बसून असतात. काजूचा हंगामही नेमका त्याच दिवसांत, म्हणून आपल्याकडे बागेत जाणाऱ्यांनाच ताप येतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा सर्वांत धोक्याची होते. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, काठीनेही ढकलू नका. वनखात्याला किंवा उपकेंद्रात लगेच कळवा, ते जागेवर औषध मारतात. तोवर त्या बाजूला कोणालाही जाऊ देऊ नका, गुरंही सोडू नका.

पातेरा जंगलातला आणू नका, हे मी हात जोडून सांगतो. तो डोक्यावरून आणताना मानेत, केसांत गोचिडी उतरतात आणि गोठ्यात टाकला की घरापर्यंत येतात. घराजवळच्या आंब्याफणसाचा वापरा, नाहीतर भाताचा पेंढा.

लसीचं म्हणाल तर कर्नाटकात बरीच वर्षं दिली जायची, पण तिचा उपयोग फार कमी दिसला आणि 2022 मध्ये ती थांबवली. नवी लस तयार करण्याचं काम चालू आहे. तोवर गोचीड अंगाला लागू न देणं हाच उपाय.

ताप आला तर घरी अंगावर काढू नका. चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत लक्षणं दिसतात. डॉक्टरांना "मी काजूला डोंगरात जातो" हे स्वतःहून सांगायचं. ते सांगितलं नाही तर डेंग्यू नाहीतर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) दिशेने तपासणी जाते. पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू सापडतो, म्हणून नमुना लवकर जायला हवा. यावर वेगळं औषध नाही, पण सलाईन आणि वेळच्या वेळी लक्ष दिलं तर बहुतेक माणसं बरी होतात. अंगदुखीवर ॲस्पिरिन, ब्रुफेन मनाने घेऊ नका, कारण या तापात रक्तस्राव होऊ शकतो. ताप उतरून काही दिवसांनी परत आला, डोकं जास्त दुखू लागलं, माणूस बरळू लागला, तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

शिरसीकर:

आमच्याकडे उत्तर कन्नडात ही साथ जुनीच. आमच्या बायका सुपारीच्या बागेत साडीखाली पायजमा घालतात, त्याची टोकं लांब मोज्यांत खोचतात आणि पायात गमबूट. वरून घरच्या पुरुषाचा लांब बाह्यांचा जुना शर्ट. फिकट रंगाचा घ्या, गोचीड चढताना दिसते. उघड्या अंगाला लावायला आरोग्य खात्याकडून डेपा तेल (गोचिडींना दूर ठेवणारं) मिळतं. घामाने ते निघून जातं, तेव्हा सोबत बाटली ठेवा आणि मधे परत लावा.

काजूबाग (धागाकर्ती):

दोघांचे मनापासून आभार. बाबांचा जुना शर्ट आई नक्की घालेल, ती लावणीला तसाच घालते. काकूंच्या सुनेला आज फोन करून निवृत्त काकांचं उत्तर वाचून दाखवलं, तिला ते वाडीच्या बैठकीत वाचायचंय. कुत्र्याचं आणि चावलेली गोचीड काढायचं मात्र राहिलं. आई ती नखाने चिरडते.

निवृत्त_आरोग्यसेवक:

चिरडू नका, रॉकेलही ओतू नका. चिमट्याने कातडीला टेकून धरायची, सरळ वर ओढायची, मग जागा आणि हात साबणाने धुवायचे. कुत्र्याला हंगामात बागेत नेऊ नये. न्यायचंच असेल तर पशुवैद्यकाकडून गोचिडीचं औषध लावून घ्या आणि पडवीत झोपवणं बंद करा. बागेतून आल्यावर कपडे मांगरातच (बागेतल्या खोपटात) उतरवून कढत पाण्यात टाकायचे, आणि आंघोळ करताना काखा, कानामागे, गुडघ्यामागे, कंबरेला जिथे नाडी बांधतो तिथे हात फिरवून बघायचं. आईची पाठ आणि केस बाबांनी बघावेत, बाबांचे आईने.