जुना फोटो की पेटीतलं वस्त्र: अल्बेनियन बायकांच्या पेहरावाचा भरवशाचा पुरावा कोणता?

रानजाई: अल्बेनियातल्या श्कोडरमध्ये इटलीहून आलेल्या पिएत्रो मारुबीने १८५० च्या दशकात फोटो स्टुडिओ काढला. पुढे त्याचा शिष्य केल आणि केलचा मुलगा गेग यांनी तो चालवला. लाखो निगेटिव्ह तिथल्या संग्रहालयात आहेत. त्यात उत्तरेकडच्या डोंगरी बायकांची जुब्लेता दिसते: जाड लोकरी पट्ट्या आणि गोफ एकाआड एक शिवून घंटेसारखा केलेला, खांद्यावरच्या पट्ट्यांनी पेललेला घागरा. माझ्या मते याहून भरवशाची नोंद नाही. कापडाला कसर लागते, निगेटिव्हची काच टिकते.

ताणाबाणा: अजिबात पटत नाही. स्टुडिओत माणूस ठेवणीतलं घालून जातो. सरपण आणताना, शेरडं राखताना तीच बाई काय घालायची, ते त्या काचेवर कुठाय? आपल्याकडेही १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांच्या लोकांचे फोटो छापले, तेही मागे दुसरीच दृश्यं जोडून. तेही लोक पुरावा म्हणूनच बघतात!

काचेवरची_धूळ: पार्श्वभूमी सोडा, रंगाचं काय? त्या काळच्या प्लेटवर लाल रंग काळपट उमटायचा आणि निळा फिकट. भरतकामातला लाल धागा काळा समजून कुणी नक्कल केली तर चूक पक्की होणार. फ्रेंच बँकर अल्बेर कानच्या जगभरच्या रंगीत फोटोंच्या प्रकल्पासाठी ऑग्युस्त लेओंने १९१३ मध्ये अल्बेनियात काचेवर रंगीत फोटो काढले, ते शेजारी ठेवूनच बोलायला हवं.

रानजाई: रंगाचं मान्य, मी तो विचारच केला नव्हता. पण ठेवणीतलं म्हणजे खोटं नव्हे. पदर कसा, दागिना कुठे, कमरेला काय, हे अंगावर असतानाच कळतं. इंग्रज प्रवासी एडिथ डरहमने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या डोंगरांत फिरून वस्त्रं जमवली. ती इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या बँकफिल्ड संग्रहालयात आहेत. पण घडी घातलेली जुब्लेता चालताना कशी हेलकावते, हे घडीवरून कसं कळणार?

ताणाबाणा: ते फोटोवरूनही कळत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोने जुब्लेता तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतली, ते ती बनवण्याच्या कौशल्यासाठी. साम्यवादी राजवटीत सक्तीच्या सामूहिकीकरणाने ते घराघरातून गेलं. आज लोकर तयार करण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सगळं येणाऱ्या बायका मोजक्याच. पैसा असेल तर आधी त्यांच्याकडे जावा.

रानजाई: जावाच. पण जाताना मारुबीचे फोटो बरोबर न्या. कुठला टाका आधी, गोफ कुठून वळवला, हे त्या बायका फोटोवर बोट ठेवून सांगतील, आणि ते तिथेच लिहून घ्या.