शाफ्टमधून शेजाऱ्यांच्या फोडणीचा वास येतो, चिमणीचं काय करू? (बजेट ५०००)

तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. पुण्यात सात मजली सोसायटी, आम्ही तिसऱ्यावर. बिल्डरने स्वयंपाकघरांच्या मागे एक उभा शाफ्ट दिलाय आणि सगळ्यांच्या चिमण्यांचे पाइप त्यातच सोडलेत. आमची चिमणी बंद असली की खालच्यांच्या फोडणीचा ठसका थेट आमच्या ओट्यावर. चालू केली की आवाज दणदणीत, पण धूर हॉलपर्यंत जातोच. चिमणी १२०० सक्शनची (हवा ओढायची ताकद) आहे, फिल्टर स्वच्छ आहेत. सर्व्हिसवाला "मोटर एकदम ओके" म्हणाला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. नवीन चिमणी घ्यायची नाहीये. बजेट पाच हजार. काय करावं?

झणझणीत
सरळ फिल्टरलेस ऑटोक्लीन चिमणी घ्या, जाळी नाही, आतलं तेल स्वतःच साफ करते. आम्ही दिवाळीत घेतली, १५०० सक्शन, नुसता हात हलवला की चालू. अठ्ठावीस हजार पडले, पण वसूल.

तिसरा_मजला
बजेट पाच हजार लिहिलंय हो.

झणझणीत
ईएमआय असतो की.

नाशिकचा_नाना
ऑटोक्लीनच्या नादी लागू नका. आतलं तेल वितळून वाटीत जमतं म्हणे. आमच्याकडे वाटीत थेंब नाही आणि ब्लोअरवर थर. बॅफल फिल्टर (वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांचा) बेस्ट, गरम पाणी आणि सोडा, विषय संपला.

झणझणीत
नाना, ती महिन्यातून एकदा चालवायची असते. शोभेचं बटण नाही ते.

निवृत्त_अभियंता
चिमणीच्या आधी पाइप बघा. १२०० हा आकडा घनमीटर ताशी असतो आणि तो पाइप न जोडता मोजलेला. लांब पाइप, त्यात दोन-तीन वळणं, की प्रत्यक्षात बराच कमी भरतो. तुमचा पाइप ६ इंची आहे की मध्येच ४ इंचीला जोडलाय? वरच्या कपाटात तो अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाइप असेल तर कपाट उघडून हाताने चाचपा. सुतार लोक शटर बसवताना तो दाबून चपटा करतात.

दुसरं, हवा बाहेर जायची तर तेवढी आत यायला हवी. १० बाय ८ चं, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे साधारण साडेएकवीस घनमीटर हवा. १२०० ची चिमणी खरोखर तेवढी ओढत असेल तर मिनिटाला वीस घनमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी खोली मिनिटाभरात रिकामी. खिडक्या गच्च बंद असतील तर ती कुठून ओढणार? स्वयंपाक करताना हॉलची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, फरक लगेच कळेल.

कोकणकन्या
वासाचा एवढा बाऊ कशाला? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "मासे फक्त रविवारी तळावेत" असा मेसेज आला होता. मी मुद्दाम बुधवारी सुकट भाजली.

सात्विक_पुणेकर
इतरांचा विचार करायला काय हरकत आहे?

कोकणकन्या
तुमच्या हिंगाचा आणि पातीच्या झुणक्याचा आम्ही करतोच की.

नाशिकचा_नाना
कन्या, +१. बाकी अभियंतेसाहेब बोलले तेच मी म्हणणार होतो, पाइप बघा.

फ्रेमोंटची_काकू
इकडे कॅलिफोर्नियात आमच्या अपार्टमेंटमध्ये शेगडीवर मायक्रोवेव्ह, त्याखाली पंखा, आणि तो हवा परत आपल्याच तोंडावर सोडतो! कार्बन फिल्टर आहे, पण तो धुता येत नाही, बदलावाच लागतो. फुलके केले की स्मोक अलार्म. तुम्हाला निदान शाफ्ट तरी आहे.

डोंबिवली_फास्ट
मुद्द्याचं कुणी बोलेना. चिमणी बंद असताना वास येतो म्हणजे नॉन-रिटर्न फ्लॅप काम करत नाहीये. चिमणीच्या तोंडाशी, पाइप जिथे जोडतात तिथे, दोन अर्धगोल प्लास्टिकच्या झडपा असतात. चालू केली की उघडतात, बंद केली की पडतात. तेलाने चिकटून उघड्याच राहिल्या असतील. कधीकधी उलटंही असतं: कारखान्यातून झडपा टेप लावून येतात, बसवणारा ती काढतच नाही आणि चिमणी नुसती घरघरते. पाइपचा क्लॅम्प सोडून टॉर्च मारा. झडप सुटी मिळते, पाचशेच्या आत. पाइपच्या शाफ्टमधल्या टोकालाही काउल कव्हर, म्हणजे झडपेचं टोपण, लावा.

परीक्षा सोपी आहे. चिमणी बंद ठेवून फिल्टरखाली उदबत्ती धरा. धूर तुमच्या तोंडावर आला तर शाफ्टची हवा आत येतेय.

सचिव_बी_विंग
शाफ्ट ही सामाईक जागा आहे, परस्पर काही करू नये. कुणी भिंतीला कोअर कटिंग करून (मशीनने गोल भोक पाडून) पाइप बाहेर काढायचा सल्ला देईल, त्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, आणि बीम-कॉलमला हात लावू नये. शाफ्टचं गच्चीवरचं तोंड उघडं आहे का तेही बघा. आमच्याकडे कुणीतरी पाऊस येतो म्हणून वर पत्रा ठेवला होता.

निवृत्त_अभियंता
महत्त्वाचं राहिलं. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? असेल तर जोरदार चिमणी आणि बंद खिडक्या हे जीवघेणं होऊ शकतं. चिमणी घरातली हवा ओढते, गीझरचा जळलेला वायू बाहेर जायच्या ऐवजी आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सात्विक_पुणेकर
गॅस खाली बसतो, मग चिमणीचा काय संबंध?

निवृत्त_अभियंता
तो सिलिंडरचा, एलपीजी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. मी या दोन्हींबद्दल बोलतच नव्हतो, जळल्यानंतरच्या वायूबद्दल बोलत होतो.

तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. गीझर विजेचा आहे. उदबत्ती लावली, धूर सरळ तोंडावर. झडपा आहेत, पण एक मधासारख्या घट्ट तेलात उघडी रुतलीय आणि दुसरीची खुंटी तुटलीय. पाइप ठीक आहे, चपटा नाही. गच्चीवर गेले तर शाफ्टच्या तोंडावर कबुतरांची जाळी, तिच्यावर प्लायवूड, प्लायवूडवर कुणाची तरी तुळस! सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ.

डोंबिवली_फास्ट
बघा! झडप बदला, प्लायवूड हटवा, हजारात काम.

निवृत्त_अभियंता
सहमत. प्लायवूडचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

झणझणीत
१५०० ची प्लायवूडलाही उडवेल.

तिसरा_मजला
मीटिंग कधी होईल देव जाणे, आणि तुळस सातव्या मजल्यावरच्या आजींची आहे, मी तर हलवणार नाही. झडप नवी लावली तरी चिमणी चालू केल्यावर हवा त्या कोंडलेल्या शाफ्टमध्येच. म्हणून मी वेगळंच केलं. चिमणीचा पाइप काढला, शाफ्टचं भोक जीआय पत्रा आणि सिलिकॉनने बंद केलं, आणि खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी ९ इंची एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. फॅन, काचवाला, इलेक्ट्रिशियन धरून तीन हजारांच्या आत. खालच्यांचा लसूण बंद.

निवृत्त_अभियंता
चिमणी शेगडीच्या डोक्यावर असते, खिडकी बाजूला. वाटेत धूर पसरणारच. शिवाय वरच्या फ्लॅटच्या खिडकीत जाईल.

तिसरा_मजला
वरच्यांची खिडकी कायम बंद असते, एसी आहे.

कोकणकन्या
आता मासे तळून बघा आणि कळवा.

नाशिकचा_नाना
जुनी चिमणी विकणार का? ६० सेंटीमीटर आहे की ९०?